घुमा, शिष्ट, तुसडा : एका चुकीच्या वाचनाची चिकित्सा

घरातून निघताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. देवापुढचा दिवा विझवत नाही, शांत करतो. बांगडी फुटत नाही, वाढते. रात्री दुकानसुद्धा बंद न करता ‘वाढवतात’. हे सगळं आपल्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलानं मावशीच्या दारात चपला घालताना सरळ ‘मी जातो’ म्हटलं, तर कुणीतरी दचकून ‘असं म्हणू नये, येतो म्हणावं’ असं सांगतंच. इथवर काही बिघडलेलं नाही. मुलाला नियम कळला. पुढच्या वेळी तो ‘येतो’ म्हणेल आणि बहुधा जन्मभर न चुकता म्हणेल. खरं बोलणं तो गेल्यावर सुरू होतं. जाताना वळूनही पाहिलं नाही. काकांना नमस्कार नाही. जेवताना म्हणे भाजीत मीठ जास्त आहे. शिष्ट आहे, आईनं वळणच लावलं नाही.

समजा, हा मुलगा ऑटिस्टिक आहे. या लेखाचा विषय ते मागचं बोलणं आहे. ऑटिझमची लक्षणं, थेरपी, शाळा यांवर मराठीत आता बऱ्यापैकी लिहिलं जातं. ऑटिस्टिक माणसाकडे पाहणाऱ्याच्या डोक्यात काय घडतं, यावर मात्र क्वचितच. तपासणी कायम एकाच बाजूची होते. गैरसमज व्हायला दोघं लागतात, तेव्हा दुसऱ्या बाजूचीही तेवढ्याच बारकाईनं झडती घ्यायला हवी.

पाहणं आणि ठरवणं

मावशीनं काय केलं ते सुटं करून पाहू. तिनं पाहिलं की मुलगा वळला नाही. तिनं अर्थ लावला की त्याला आमच्याबद्दल काही वाटत नाही. मग निवाडा दिला की तो शिष्ट आहे. पहिली गोष्ट खरी आहे. तिसरी सगळी दुसरीवर उभी आहे. आणि दुसरी कधी मनात शिरली याचा मावशीला पत्ताही नाही. ती इतकी झटकन आली की पाहण्याचाच भाग वाटली. ‘मला त्याचा शिष्टपणा दिसला’ असंच ती सांगेल. पण शिष्टपणा डोळ्यांना दिसत नसतो. दिसली ती न वळलेली मान.

अर्थ लावायला आपण सगळेच मनातलं एक कोष्टक वापरतो. नजर भिडली की आपुलकी, हसला की ओळख पटली, आवाज सपाट असला की नाराजी, उत्तराला वेळ लागला की काहीतरी लपवतोय. हे कोष्टक आपल्यासारख्या माणसांमध्ये वावरताना तयार झालेलं असतं आणि त्यांच्या बाबतीत बऱ्यापैकी चालतं. ज्याच्या आतल्या भावनेची आणि बाहेरच्या खुणेची जोडणीच निराळी आहे, त्याला तेच कोष्टक लावलं की उत्तर चुकतं. चूक उघडकीला येण्याची वाटही बंद होते, कारण माणूस घुमा आहे असं एकदा ठरलं की त्याला विचारायला कुणी जात नाही.

आपल्या भाषेत या निवाड्यासाठी शब्दांची चणचण नाही. घुमा, शिष्ट, आखडू, तुसडा, माणूसघाणा, हेकट, तिरसट. सगळी विशेषणं स्वभावाची आहेत, प्रसंगाचं एकही नाही. ‘आज त्याला एवढा गोंगाट सोसवला नाही’ हे सांगायला अख्खं वाक्य लागतं. ‘तुसडा’ म्हटलं की एका शब्दात काम होतं. ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1977 मध्ये माणसाच्या विचारातल्या या खोडीला नाव दिलं, मूलभूत आरोपणदोष. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्यावर आलेली परिस्थिती विसरतो. मला उशीर झाला तर लोकल रखडली होती, तुला झाला तर तू बेशिस्त. ऑटिस्टिक माणसाच्या वाट्याला हा दोष अधिक जड येतो. लोकल रखडली हे समोरच्याला पटवता तरी येतं. ट्यूबलाइटची गुणगुण कानात खुपते आहे, हे ज्याला ती ऐकूच येत नाही त्याला कसं पटवणार? परिस्थिती खरी असते आणि पाहणाऱ्याच्या ज्ञानेंद्रियांना ती सापडत नाही. मग हाताशी उरतो तो फक्त स्वभाव.

नावातच शिरलेली चूक

स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1911 च्या त्यांच्या ग्रंथात ‘ऑटिझम’ हा शब्द स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी वापरला होता. बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आत शिरणं, असा त्याचा आशय. मूळ ग्रीक शब्द स्वतःचा वाचक. 1943 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन करताना तो उसना घेतला. आपण त्याचं भाषांतर केलं ‘स्वमग्नता’.

मराठीत मग्न हा सुंदर शब्द आहे. भजनात मग्न, वाचनात मग्न. प्रश्न त्याच्या आधी लागलेल्या ‘स्व’चा आहे. कॅनर यांची मुलं गोल फिरणाऱ्या वस्तूंत, आकड्यांत, गाण्यांत, ठोकळ्यांच्या रांगांत रमलेली होती. यातली एकही गोष्ट ‘स्व’ नाही, सगळ्या बाहेरच्या जगातल्या आहेत. छताच्या पंख्याकडे तासभर पाहणारं मूल स्वतःत बुडालेलं नसतं, ते पंख्यात बुडालेलं असतं. 2005 मध्ये डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच मुद्दा शास्त्रीय भाषेत मांडला. ऑटिस्टिक अवधान एका वेळी थोड्या गोष्टींवर पण अतिशय खोलवर एकवटतं, म्हणून बाजूनं मारलेली हाक तिथपर्यंत पोचत नाही. आपण त्याला आत्मकेंद्री ठरवतो, कारण तो आपल्याकडे पाहत नाही. जग म्हणजे आपण, हे गृहीत कोणाचं?

म्हणून या लेखात मी ‘ऑटिस्टिक’ हाच शब्द ठेवला आहे. ‘स्वमग्न’ हा शब्द पालक आणि शिक्षक किती मायेनं वापरतात ते मला ठाऊक आहे. तरी तो निदान सांगता सांगता निवाडाही देऊन जातो.

पंगतीतला ‘नको’

गैरसमज कसा घडतो हे पाहायला मराठी आग्रहाइतकं चांगलं उदाहरण नाही. पाहुणा ‘नको’ म्हणतो, यजमान वाढतो. पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, यजमान ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणत श्रीखंडाचा चमचा वरून सोडतो. पहिला नको संकोचाचा, दुसरा रीतीचा, आणि तिसरा खरा असलाच तर खरा. हे कुठेही लिहून ठेवलेलं नाही. आवाजाचा चढउतार, हाताची पकड, चेहऱ्यावरचं अर्धं हसू यांवरून ते ओळखायचं.

आता पाहुणा ऑटिस्टिक आहे असं समजा. तो एकदाच ‘नको’ म्हणतो, कारण त्याला नको आहे. तरी वाढलं जातं. तो ताटात तसंच टाकून उठतो, किंवा चिडून ‘नको म्हटलं ना’ म्हणतो. अन्नाचा अपमान, यजमानाचा अपमान. तोच माणूस यजमान असेल, तर पाहुण्याचा पहिला ‘नको’ तो प्रामाणिकपणे मानतो आणि भांडं परत नेतो. पाहुणे घरी जाऊन म्हणतात, दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही हो. दोन्ही वेळा या माणसानं समोरच्याच्या शब्दाचा आणि स्वतःच्याही शब्दाचा पूर्ण मान राखला. दोन्ही वेळा तो कोरडा ठरला.

इथे एक बारीक फरक सांगायला हवा. ऑटिस्टिक माणसाला रीत नकोशी असते, असं नाही. ‘येतो’ म्हणणं, आरतीचा क्रम, पायरीवर उजवा पाय आधी ठेवणं, अशा उघड सांगितलेल्या रीती त्यांतले अनेक जण आनंदानं आणि काटेकोरपणे पाळतात. अडतं ते न सांगितलेल्या रीतीवर. ‘बघू’ म्हणजे नाही. ‘या एकदा घरी’ म्हणजे निरोप घेतोय, तारीख ठरवत नाहीये. ‘तुम्ही कशाला त्रास घेता’ म्हणजे घ्या. आपण हे लहानपणी कुणी न शिकवता उचललं, म्हणून ते ज्याला उचलता आलं नाही त्याला मुद्दाम करतोय असं मानतो.

कधी उलटही होतं. मूल बोलतं ते आपल्याला निरर्थक वाटतं. तहान लागलेलं मूल आईकडे येऊन ‘तुला पाणी हवं का?’ विचारतं, आणि घरी आलेली पाहुणी हसून ‘नको रे बाळा’ म्हणते. पाणी देताना आई जे वाक्य बोलते, ते मुलानं जसंच्या तसं पाण्याचं नाव म्हणून उचललेलं असतं. कॅनर यांनी 1946 च्या लेखात अशाच एका मुलाची नोंद केली आहे. आसपास ना कुत्रा ना सज्जा, तरी तो मध्येच कुत्र्याला सज्जातून टाकू नको, अशा अर्थाचं वाक्य बोलायचा. चौकशीत कळलं की तीन वर्षांपूर्वी त्यानं खेळण्यातला कुत्रा हॉटेलच्या सज्जातून पुन्हा पुन्हा खाली टाकला होता आणि तो आणून आणून थकलेल्या आईनं त्याला तसं बजावलं होतं. तेव्हापासून काहीही फेकावंसं वाटलं की तो त्याच शब्दांत स्वतःला आवरायचा. वेडगळ बडबड वाटणारं ते वाक्य आत्मसंयमाचं होतं. कुणीतरी चौकशी केली, म्हणून ते कळलं.

नजर

नजरेबाबत आपला समाज दोन तोंडांनी बोलतो. थोरांसमोर मान खाली घालणं हा विनय, आणि मुलाखतीत किंवा पोलिसासमोर तीच खाली नजर म्हणजे चोराच्या मनात चांदणं. परक्याच्या डोळ्यांत पाहणं अंगावर आल्यासारखं वाटतं, पाहत राहिलं तर समोरच्याचं बोलणंच ऐकू येईनासं होतं, असं अनेक ऑटिस्टिक प्रौढ सांगतात. म्हणजे नीट ऐकायचं म्हणूनच ते नजर काढून घेतात, आणि लक्ष नाही म्हणून बोलणी खातात.

ऑस्ट्रेलियातल्या अलिझा लिम, रॉबिन यंग आणि नील ब्रूअर यांनी ऑटिस्टिक आणि बिगरऑटिस्टिक माणसांच्या मुलाखतींच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. ऑटिस्टिक माणसं अधिक खोटारडी आणि कमी विश्वासार्ह वाटली. नजर टाळणं, हातांची चाळवाचाळव असा एकच धागा त्यामागे सापडला नाही, एकूण ठसाच प्रतिकूल पडत होता. हे निष्कर्ष वाचून मला झोप लागली नव्हती. अगदी खरं सांगणारा माणूस चौकीवर, न्यायालयात, साहेबाच्या केबिनमध्ये खोटा ठरतो, आणि ठरवणाऱ्याला आपण माणसं ओळखतो याचा अभिमान असतो.

मंगल कार्यालयातला मुलगा आणि त्याची आई

लग्नाचा हॉल. सनईची ध्वनिफीत, दारात बँड, माइकवरचा आवाज, अत्तर, फुलं, तळण, झगमगते दिवे, गालगुच्चे घेणारे अनोळखी हात. सहा वर्षांचा मुलगा कानांवर हात दाबतो, मग जमिनीवर लोळतो, ओरडतो. सगळा हॉल आईकडे पाहू लागतो. हट्टी आहे. लाडावलाय. दोन रट्टे द्या, आपोआप थांबेल.

हट्ट आणि असा उद्रेक यांत फरक करता येतो. हट्टाला प्रेक्षक लागतो आणि मागणी असते. वस्तू मिळाली की तो विरतो, कुणी पाहत नसलं की विरतो. उद्रेकाला मागणी नसते. तेव्हा चॉकलेट दिलं तरी तो थांबत नाही, कारण भरून वाहणारं भांडं चॉकलेटनं रिकामं होत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत आवाज, प्रकाश, स्पर्श यांबद्दलची तीव्र किंवा मंद संवेदनशीलता निदानाच्या निकषांत आली ती 2013 च्या पाचव्या आवृत्तीत. तज्ज्ञांना एवढा वेळ लागला, तर वऱ्हाडी मंडळींवर मी फार रागावणार नाही. रट्टे देण्याच्या सल्ल्यावर मात्र रागावेन.

आईवरचा ठपका जुना आहे, आणि तो विज्ञानानंच आधी पक्का केला. कॅनर यांनी 1940 च्या दशकात पालकांच्या थंडपणाबद्दल लिहिलं. ब्रूनो बेटेलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकात आईच्या नकोशा वाटण्यातून ऑटिझम येतो असं मांडलं आणि ते घरोघर पोचलं. वास्तविक त्याआधी, 1964 मध्येच, स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी मूळ जैविक असल्याचा युक्तिवाद मांडला होता. 1969 मध्ये कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. शास्त्रातून तो ठपका गेला. आपल्या सोसायट्यांच्या जिन्यात तो अजून आहे, फक्त कारणं बदलली: आई नोकरी करते, हातात मोबाइल दिला, घरात बोलायला माणूस नाही.

चुकीच्या वाचनाच्या आणखी दोन तऱ्हा आहेत. बोलत नाही म्हणजे कळत नाही, असं धरून मुलाच्या देखत त्याच्याबद्दल वाटेल ते बोललं जातं. आणि बोलतो, नोकरी करतो, म्हणजे याला काही झालेलंच नाही. ‘तू ऑटिस्टिक वाटत नाहीस’ हे कौतुक म्हणून म्हणतात. त्या न वाटण्यासाठी त्या व्यक्तीनं, त्यातही बाईनं, दिवसभर हसणं मोजून, वाक्यं आधी घोकून, हातांची चाळवाचाळव ओढणीआड लपवून किती शक्ती खर्च केली, ते घरी आल्यावर बंद दाराआड दिसतं.

दोष कुठे आहे?

1985 मध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि ऊटा फ्रिथ यांनी दोन बाहुल्यांचा एक प्रयोग केला. सॅली आपला कंचा टोपलीत ठेवून जाते, ॲन तो तिच्या माघारी डब्यात हलवते. परत आल्यावर सॅली कंचा कुठे शोधेल? 20 ऑटिस्टिक मुलांपैकी 16 जणांनी डबा दाखवला, म्हणजे सॅलीला हे माहीत नाही हे त्यांनी धरलं नाही. यातून ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही, हा सिद्धांत उभा राहिला आणि पुढे अनेक वर्षं टिकला. बरोबर उत्तर देणाऱ्या चौघांची आठवण फारशी कुणी काढली नाही.

2012 मध्ये स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी प्रश्न उलटा केला. आम्हाला तुमचं मन कळत नाही, हे मान्य. तुम्हाला आमचं कळतं का? याला त्यांनी दुहेरी समानुभूतीचा प्रश्न म्हटलं. वेगळ्या घडणीची दोन माणसं भेटली की अडचण दोघांच्या मध्ये असते, एकाच्या आत नसते.

मग मोजमाप सुरू झालं. 2016 मध्ये एलिझाबेथ शेपर्ड यांच्या गटाला दिसलं की ऑटिस्टिक लोकांच्या चेहऱ्यावरून त्यांच्यासमोर नुकतं काय घडलं हे बिगरऑटिस्टिक लोकांना कमी ओळखता येतं, आणि ते चेहरे कमी बोलके होते म्हणून तसं घडलं, असं म्हणण्याची सोय नव्हती. 2017 मध्ये नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी लोकांना ऑटिस्टिक व्यक्तींच्या अगदी छोट्या ध्वनिचित्रफिती दाखवल्या. काही सेकंदांतच मत बनलं: यांच्याशी बोलायला, शेजारी राहायला नको. तेच बोलणं फक्त लिहून वाचायला दिलं, तेव्हा प्रतिकूल मत नाहीसं झालं. शब्दांत खोट नव्हती. आवाज, चेहरा आणि हालचाल यांच्या वाचनात होती.

2020 मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन यांच्या गटानं कानगोष्टीसारखी गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे पोचवायला सांगितली. सगळे ऑटिस्टिक असलेली साखळी सगळे बिगरऑटिस्टिक असलेल्या साखळीइतकीच नीट चालली. मिश्र साखळीत गोष्टीचे तपशील जास्त गळाले आणि परस्परांबद्दलची जवळीकही कमी नोंदली गेली. 2025 मध्ये 311 प्रौढांना घेऊन हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला, तेव्हा मिश्र साखळीतली ती गळती दिसली नाही. पहिल्या निष्कर्षावर घाईनं इमारत बांधणाऱ्यांना हे अडचणीचं वाटेल. मला त्यात सॅसन यांच्याशी जुळणारी गोष्ट दिसते. निरोप पोचतो, तेव्हाही निरोप आणणारा आवडत नाही. म्हणजे संवादाचं काम झाल्यावरही निवाडा शिल्लक राहतो, आणि आपल्याला दुरुस्त करायचा आहे तो निवाडाच.

सगळंच समाजाच्या माथी मारणंही चूक होईल. भगभगीत उजेड एकटं असतानाही डोळ्यांत टोचतो. बोलता न येणं, स्वतःला इजा करून घेणं, झोप न लागणं यांचा त्रास कुणी निवाडा न देताही होतोच आणि त्याला आयुष्यभर आधार लागतो. मी बोलतो आहे ते या त्रासावर चढवलेल्या दुसऱ्या थराबद्दल.

आपला कायदा या थराबद्दल लोकांपेक्षा पुढे आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत ऑटिझमचं वर्णन इतरांशी नातं जोडण्याच्या व्यक्तीच्या क्षमतेवर झालेला परिणाम असंच केलं आहे, एका बाजूचं. पण त्याच अधिनियमात दिव्यांग व्यक्तीची व्याख्या अशी आहे की जिची उणीव अडथळ्यांशी गाठ पडल्यावर समाजातल्या सहभागाच्या आड येते. आणि अडथळे कोणते, तर भौतिक रचनेबरोबर संवादाचे, सांस्कृतिक आणि दृष्टिकोनाचेसुद्धा. मावशीच्या ओसरीवरचं ते मागचं बोलणं कायद्याच्या भाषेत अडथळा आहे, पायऱ्या असलेल्या आणि उतार नसलेल्या दारासारखा.

फॉरेस्ट गावातले आकडे

कॅनर यांच्या 11 मुलांतला पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. जन्म 1933, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं फॉरेस्ट हे छोटं गाव. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आईवडिलांनी त्याला लहानपणीच एका संस्थेत ठेवलं, आणि सुमारे वर्षभरानं परत घरी आणलं. वडिलांनी कॅनर यांना 33 पानी पत्र लिहून त्याच्या सवयींचं तपशीलवार वर्णन केलं. पुढे तो शिकला, 1958 मध्ये पदवीधर झाला, गावातल्या बँकेत नोकरीला लागला, रोज गोल्फ खेळला, एकट्यानं देशोदेशी फिरला आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला. जॉन डॉनव्हन आणि कॅरन झुकर हे पत्रकार त्याला शोधत फॉरेस्टला गेले, तेव्हा गावकऱ्यांनी आधी त्यांनाच बजावलं की डॉनला त्रास होता कामा नये.

तो गप्पा फारशा मारत नसे, प्रश्नाला तुटक उत्तर देई. शाळेत असताना ओळखीच्या माणसांना तो आकडे देत असे, एकेकाला एक. माणसाला नंबर देणं यापरता कोरडेपणा कोणता, असं म्हणायला कुणाला फार विचार करावा लागला नसता. फॉरेस्टमध्ये त्याचा अर्थ निराळा लागला. कित्येक वर्षांनी, म्हातारपणी, त्याचे शाळासोबती त्याला भेटत तेव्हा त्याला त्यांचे आकडे आठवत असत. आणि ज्यांना ते मिळाले होते, त्यांनाही आपापला आकडा पाठ होता.